गळका पाट

पाटाला सिमेंट फासायची अक्कल फिदेन्सियोचीच. लिमा शहराच्या वरच्या डोंगरातल्या पाकारी गावात तो तेव्हा पाणी-पंच होता. वाडवडिलांचा दगडी पाट चाळणीसारखा गळायचा. निम्मं पाणी वाटेतच खडकात गडप! ते बघून याचा जीव तीळतीळ तुटायचा. नगरपालिकेच्या हातापाया पडून त्यानं सिमेंट मिळवलं, घरटी एक माणूस कामाला जुंपला, उद्घाटनाला बँड वाजवला. वरच्या शेतांना दुप्पट पाणी मिळायला लागलं. गडी महिनाभर छाती काढून फिरत होता.

खालच्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहायची, एउलोखिया. आई गेल्यावर तिनंच याला वाढवलेलं. तिची चिरिमोयाची, म्हणजे सीताफळासारख्या फळाची, बाग एका झऱ्यावर जगायची. झऱ्याला दर वर्षी कोकाची पानं आणि मक्याची दारू, चिचा, वाहायचा तिचा नेम. नवरा, मौरो, ज्या वर्षी गेला त्या वर्षी दुःखात तो नेम चुकला. सिमेंटही त्याच वर्षीचं. पुढच्या वर्षी झरा आटला.

"माझंच पाप, फिदे," ती म्हणाली. "मी दुखवलं त्याला."

आणि हा दीडशहाणा म्हणतो कसा, "नेम मोडायला नको होता अक्का तू."

सहा वर्षं ती कोरड्या खडकापुढं गुडघे टेकून माफी मागत राहिली. झाडं एकेक करून वाळली. शेवटी शेळ्या विकून ती लिमाच्या वाळूच्या टेकडीवर लेकीकडं राहायला गेली.

त्यानंतर गावात मारिबेल नावाची इंजिनियर मुलगी आली. गावाला साठवणीचं तळं हवं होतं. लोकांना वाटलं, आता नकाशा काढेल. तिनं सभेत घोंगडी अंथरली आणि प्रत्येकाला सांगितलं, आपल्या शेताचा, झऱ्याचा एक खडा मांडा. पाणी जिथून येतं तिथपर्यंत लोकरीचा धागा न्या.

"बालवाडी भरवलीय का, बाई?" कुणीतरी खिदळलं.

"भरवलीय, आणि मास्तर तुम्हीच. नुसतं तळं बघून तळं बांधलं, तर भलतीकडंच काहीतरी मोडेल. सगळं एकदम बघू. कुणाला पाणी कुठून येतं, कधी येतं?"

म्हातारा तेओफिलो डोकं खाजवत म्हणाला, "फेब्रुवारीत पाट भरला की जुलैत खालचे झरे फुगायचे. आजोबा म्हणायचे, वर पाणी पेरलंय."

"आणि आता?"

"आता कुठले! सात वर्षं झाली."

अक्काचा खडा मांडायला तिथं कुणी नव्हतं, म्हणून तो फिदेन्सियोनं मांडला. मारिबेलनं त्या खड्यापासून धागा वर नेला, तो थेट, पाट पूर्वी सगळ्यात जास्त गळायचा त्या वळणापर्यंत जाऊन पोचला.

"गळत होतं म्हणून बुजवलं मी," तो कसाबसा म्हणाला.

"गळत नव्हतं, काका," मारिबेल हळूच म्हणाली. "पोचत होतं."

त्या वळणावरचं सिमेंट फोडायचं म्हटल्यावर वरच्या शेतकऱ्यांनी बोंब ठोकली. फिदेन्सियोनं आपली पाण्याची पाळी त्यांना देऊन टाकली, तेव्हा कुठे ते गप्प बसले. तिकडं पावसाळा डिसेंबरात लागतो; त्याआधी पहिला घाव त्यानंच घातला. फेब्रुवारी गेला, एप्रिल गेला. जुलैत खालचा खडक ओला झाला, मग बोटभर धार लागली. तो तिथंच बसून ढसाढसा रडला. रडू आनंदाचं कमी आणि भीतीचं जास्त होतं, कारण आता अक्काला सांगायला हवं होतं.

"झऱ्यानं माफ केलं म्हणून सांग की," तेओफिलो म्हणाला. "कशाला उकरून काढतोस?"

लिमाला उतरेपर्यंत फिदेन्सियोलाही ते पटत आलं होतं. एवढंसं खोटं, आणि म्हातारी हसत घरी येईल! काय बिघडलं?

एउलोखिया दारात निळ्या पिंपापाशी टँकरची वाट बघत बसली होती. झरा वाहतोय म्हटल्यावर तिनं छातीवर क्रूस काढला. तिचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना.

"माफ केलं म्हण की रे त्यानं मला!"

नुसती मान हलवायची होती. ती काही हलेना.

"तुझं काही चुकलंच नव्हतं, अक्का. तुझं पाणी मी अडवलं. सिमेंट घालून. तेव्हा मला कळलं नाही. कळलं त्याला आता आठ महिने झाले."

टँकर आला, शेजारणी भांडी घेऊन धावल्या. ती जागची हलली नाही.

"घरी चल," तो म्हणाला. "पुन्हा झाडं लावू."

"फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, बाबा. मी अठ्ठ्याहत्तरची." तिचा आवाज अजून मऊच होता, आणि तेच त्याला सोसवेना. "मी मौरोला शिव्या दिल्या रे, फिदे. दर रविवारी त्याच्या थडग्यापाशी जाऊन. मेलास तो मेलास, माझा नेमही मोडून गेलास, माझी बाग खाल्लीस, म्हणून. सहा वर्षं."

फिदेन्सियोनं तिचे पाय धरले. तिनं ते सोडवून घेतले, भिंतीला धरून उठली आणि खुंटीवरची शाल ओढली.

"झरा नंतर बघू. आधी मला मौरोकडं ने. त्याची माफी मागायची राहिलीय."