मथुराबाईंच्या पायाखालचा पाट

मी एक जुना सागवानी पाट आहे. माझ्यावर बसून कुणी जेवलं नाही, कुणाचं लग्न लागलं नाही. मित्रांनो, माझ्यावर उभी राहून एक बाई बोलली. तिचीच ही गोष्ट.

नारायण पेठेत अल्लाबक्ष सुतारांचं दुकान होतं. समोरच्या पक्षकार्यालयाने त्यांना भाषणासाठी उभं टेबल करायला सांगितलं. माप घेतलं पक्षाचे पुढारी आप्पासाहेब यांचं. ते ताडमाड उंच! टेबल झालं, फळीचा तुकडा उरला. तो मी. एका झाडाचे आम्ही दोघे भाऊ. एक छातीशी गेला, एक पायाशी आला.

मथुराबाई पक्षाच्या कार्यकर्त्या, हिंजवडीच्या. तेव्हा तिथे कंपन्या नव्हत्या, भाताची खाचरं होती. बाई ठेंगण्या, आवाज मात्र माळ ओलांडून जाणारा. पहिल्याच सभेत टेबलामागे त्या दिसेनात, तेव्हा अल्लाबक्षांनी मला आणून ठेवलं.

आप्पासाहेब हसले. "अहो मथुराबाई, पाट मांडलाय. जेवायला बसताय का?"

"वाढा की! पर उरलंसुरलं चालायचं न्हाई."

माझ्यावर चढताना त्या ओठांतल्या ओठांत म्हणायच्या,

सागवानी पाटावर ठेविते मी पाय,
ऐका गं दाही दिशा, लेक बोलते काय!

त्या आमदार झाल्या, मंत्री झाल्या. वर्तमानपत्रातल्या फोटोत मी कधी नसे. सभा संपली की मला पायानेच टेबलाखाली सरकवत. त्याचा राग नव्हता. त्या सगळ्यांना दिसत होत्या, एवढं मला पुरे होतं.

मग तो दिवस उजाडला. राज्याचा मुख्यमंत्री कोण, हे पक्षाच्या आमदारांनी आमच्याच कार्यालयाच्या सभागृहात ठरवायचं होतं. नावं दोन, आप्पासाहेब आणि मथुराबाई. बाईंना बोलायला बोलावलं, आणि मी जागेवर नव्हतो! मला आप्पासाहेबांच्या खुर्चीखाली ओढलं होतं. माझ्या पाठीवर त्यांच्या वहाणा होत्या.

टेबलामागे बाईंचा नुसता भांग दिसत होता.

"आवाज येतोय, बाई कुठंय?" मागून कुणीतरी म्हणालं. सभागृह खदाखदा हसलं.

मथुराबाई थांबल्या. खिडकीशी गेल्या आणि हाक मारली, "अल्लाबक्षभाई, करवत घिऊन या!"

आप्पासाहेब ताडकन उठले. "आपण पक्षाचं टेबल मोडताय!"

"मोडत न्हाई, मापाला आणतीय. इतकी वर्सं मी चढले. आता हे जरा उतरू द्या."

टेबलाच्या पायांवर करवत चालली. भुसा माझ्या भावाचा होता, तरी मला रडू आलं नाही. मग बाई बोलल्या, दोन्ही पाय जमिनीवर रोवून. कुणी हसलं नाही.

निवड आप्पासाहेबांचीच झाली. पण मित्रांनो, आभाराचं भाषण त्यांना वाकून करावं लागलं!

पुढे दूरदेशच्या एक महिला पंतप्रधान पुण्यात आल्या. टेबलाची गोष्ट ऐकून त्याच्यावरच कोपर टेकून म्हणाल्या, "आमच्या संसदेत मला अजून खोक्यावर चढावं लागतं. तुमचा सुतार उसना द्या."

पिकल्या केसांच्या मथुराबाई पुढच्याच रांगेत होत्या. "सुतार कशाला? करवत न्या!"

आता मी माळ्यावर आहे, अंगावर धूळ चढली आहे. उद्या मथुराबाईंच्या तालमीतली मंदाकिनी मुख्यमंत्रिपदासाठी उभी राहते आहे. मित्रांनो, मला पुसू नका, तेल लावू नका. ती बोलायला उठेल तेव्हा मला खाली आणू नका. फक्त टेबलाचे पाय कुणी पुन्हा वाढवले नाहीत ना, तेवढं बघा.

वाढवले असतील, तर अल्लाबक्षांची करवत इथेच माझ्याशेजारी खिळ्याला आहे.