गट्ट्यांचे टायर

रतिलालने जीप घेतली ती केळीला चांगला भाव मिळाला त्या साली. जळगावहून कोरी गाडी आणली आणि चोपड्याच्या बाजारपेठेतून मुद्दाम हळू चालवत गावात नेली. गावात ट्रॅक्टर होते, फटफट्या होत्या, पण जीप पहिलीच. चारही चाकं ओढणारी, डोंगर चढेल अशी गाडी, असं तो दोन-तीन महिने भेटेल त्याला सांगत होता. प्रत्यक्षात ती डोंगरावर कधी गेली नाही. मळा, चोपडा, कधी जळगाव, एवढीच तिची धाव. कंपनीने दिलेले टायर डांबरावर इतके गुमान चालत की आत बसलेल्याला फक्त वारं ऐकू येई. रतिलाल स्वतः ओल्या फडक्याने ते टायर पुसायचा.

माणूस वाईट नव्हता. कुणाला नाही म्हणायचा नाही, पण हो म्हणायलाही त्याला वेळ लागायचा. काही विचारलं की म्हणायचा, "पाहू." विहिरीचं काम, धाकट्या भावाशी वाटणी, आईचं दुखणं, सगळ्यावर एकच उत्तर. यातलं बरंचसं पाहता पाहता आपोआप मिटायचं, म्हणून त्याची ती सवय कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

त्याची एकुलती एक लेक लता धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या खैरखेड्याला दिलेली. जावई अभिमन सरळ माणूस, घरी बागायत, खायला कमी नाही. खोट एकच होती. डांबरी रस्ता सोडल्यावर चार कोस काळ्या मातीची गाडवाट आणि मध्ये दोन नाले. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्या वाटेने फुफाटा उडायचा आणि मिरगानंतर बैलगाडीचं चाक अर्धं रुतायचं. सोयरीक ठरवताना सुनंदाबाई, रतिलालची बायको, म्हणाली होती, "पावसाळाभर पोर तिकडे अडकी जाई." तेव्हाही रतिलाल म्हणाला होता, पाहू, रस्ता होईल.

रस्ता झाला नाही. लताही दोन वर्षांत माहेरी आली नाही. पहिल्या आखाजीला तिच्या सासूचा हात मोडला म्हणून राहिली. दिवाळीला रतिलालने पुतण्याला जीप देऊन पाठवलं, तर तो रिकामा परत आला. म्हणाला, कापूस वेचायला आलाय, नाही जमत म्हणते. पुढच्या आखाजीला पुन्हा तसंच. सुनंदाबाई स्वतः गेली असती, पण रतिलालची आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं अंथरुणातच करावं लागायचं, एक रात्र सोडून जाणं शक्य नव्हतं. ज्येष्ठात म्हातारी गेली. उत्तरकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि सुनंदाबाईला एकदम रिकामं झालेलं घर दिसलं.

आषाढ सरत आला, श्रावणातला कानबाईचा सण जवळ आला, तशी ती एका सकाळी म्हणाली, "दोन वरीस व्हयनात, पोर घर उनी नई. यंदा कानबाईले तिले आनाच."

"तिकडे रस्ता कोठे शे? बठ्ठा गारा शे," रतिलाल म्हणाला.

"मग एवढी मोठी गाडी कशाले लियेल शे?"

तो चोपड्याला चुडामणच्या गॅरेजवर गेला.

चुडामण जीप-ट्रॅक्टरची कामं करायचा. त्याने चाकाशी बसून टायरवर हात फिरवला. "टायरांना काही झालं नाही, भाऊ. कोरे आहेत अजून. पण हे डांबराचे टायर. काळी माती यांच्या खाचांत भरली की निघत नाही. दहा-वीस हात गेलात की टायर गोटा. मग चार चाकं ओढू द्या नाहीतर आठ, गाडी जागच्या जागी फिरणार."

"मग?"

"मोठ्या गट्ट्यांचे टायर घाला. गट्ट्यांमध्ये जागा असते, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. नाल्यातून निघेल गाडी." तो उठला आणि हात पुसत म्हणाला, "पण मग डांबरावर सुख नाही. आवाज करतील, गाडी हादरेल, गट्टे लवकर झिजतील. ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर गाडी थांबता थांबत नाही. तुमची गाडी वर्षभर फिरते कुठे, ते पाहून ठरवा."

"मागचे दोनच बदलले तर?"

"चारही चाकं ओढायची तर चारही सारखी पाहिजेत. नाहीतर गिअरबॉक्स जाईल."

रतिलाल बराच वेळ जीपकडे पाहत उभा राहिला. कोरे टायर काढून ठेवायचे, तेही वर्षातून एकदा लागणाऱ्या चार कोसांसाठी. चुडामणने जे सांगितलं त्यातलं अर्धं त्याला बरं वाटलं होतं. न जाण्याचं कारण आता एका जाणकाराच्या तोंडून मिळालं होतं.

परतीच्या वाटेवर मात्र त्याला मागच्या श्रावणातला बाजार आठवत राहिला. खैरखेड्याचा वना नावाचा माणूस त्याला चोपड्याला भेटला होता. चिखलातून पायी येऊन मग एसटीने आलेला, धोतर गुडघ्यापर्यंत भरलेलं. त्याने निरोप सांगितला होता, "तुमनी इहीनबाईनी सांगेल शे, लताले लेवाले या." रतिलालने विचारलं होतं, सगळं ठीक ना? वना म्हणाला, ठीक, ठीक, बायकांचं काय ते आपल्याला काय ठाऊक. त्यावर रतिलाल म्हणाला होता, गाडी गाऱ्याचिखलात येत नाही, पाऊस उघडला की दिवाळीला पाहू. घरी येऊन त्याने सुनंदाबाईला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गप्प बसली नसती, आणि आईला त्या आठवड्यात ताप होता. नंतर सांगायचं राहून गेलं. दिवाळीला पुतण्या रिकामा आला तेव्हा त्याला वाटलं, पोर रुसली असेल. रुसवा काय, निघतो.

घरी येऊन त्याने चुडामणचं म्हणणं सांगितलं. ओल्या डांबराचं जरा जास्तच सांगितलं. सुनंदाबाईने ऐकून घेतलं आणि ती भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो मळ्यातून आला तर घराला कडी. शेजारची शेवंताबाई म्हणाली, "वहिनी पिशवी लिसन फाट्यावर गयी. लेककडे जास, म्हने. गाडी मिळी तठलोंग गाडीवर, मंग पायी."

रतिलालने जीप काढली. सुनंदाबाई फाट्यावरच्या लिंबाखाली बसली होती, पायाशी पिशवी, पिशवीत बाजरीचं पीठ, शेव आणि एक नवं लुगडं. एसटी अजून आली नव्हती. पाऊस भुरभुरत होता. तो खाली उतरला.

"चल घरी. परवा जाऊ. टायर बदलतो."

तिने वर पाहिलं. "पाहू म्हनशात."

"नाही म्हणत."

तिला घरी सोडून तो तसाच चोपड्याला गेला आणि चुडामणला म्हणाला, घाल. टायर जळगावहून यायला एक दिवस लागला. काढलेले चार टायर त्याने घरी आणून ओसरीवर भिंतीला लावून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. डांबरी रस्त्यावर गाडी घरघरत, थरथरत चालली होती. बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि बोलण्यासारखंही फार नव्हतं. मग खैरखेड्याचा फाटा आला, डांबर संपलं, आणि रतिलालने पुढच्या चाकांचा गिअर टाकला. पहिल्या चिखलात त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी जरा डगमगली, चाकांनी मागे काळे गोळे फेकले आणि ती चालत राहिली. पहिल्या नाल्यात पोटरीभर पाणी होतं. गाडी उतरली, पाण्यातून गेली, समोरच्या चढावर एकदा घसरली आणि मग वर आली. दुसरा नाला खोल होता. तोही निघाला.

सुनंदाबाई पुढे झुकून बसली होती. ती म्हणाली, "एवढंच व्हतं?"

रतिलाललाही तेच वाटलं होतं.

खैरखेड्यात जीपमागे पोरं धावली. अभिमन खळ्यात होता, तो गडबडीने पुढे आला, पाया पडला आणि घरात निरोप द्यायला गेला. त्याची आई भिकुबाई ओट्यावर आली. तिने विहिणीला हाताला धरून वर घेतलं, पाणी दिलं, पण तिच्या तोंडावर आनंदापेक्षा धास्ती दिसत होती. लता आतून आली ती दाराच्या चौकटीशीच थांबली. वाळली होती. डोक्यावरचा पदर नीट, हातात बांगड्या, सगळं जागच्या जागी होतं. फक्त चेहऱ्यावर काही हललं नाही. आईने जवळ घेतलं तेव्हाही तिचे हात खालीच राहिले.

"कानबाईले चल, बेटा. लेवाले उनूत," सुनंदाबाई म्हणाली.

लता ओट्याच्या कडेला येऊन जीपकडे पाहत होती. गाडी चिखलाने काळी झाली होती, टायरांच्या गट्ट्यांत गवत अडकलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "हे नवा टायर शेत का?"

"हां. गाऱ्यातून यायला घातले."

"मांगला साल मिळत व्हतात का?"

रतिलालला प्रश्नाचा रोख कळला नाही, पण त्यात काहीतरी आहे हे कळलं. खोटं बोलावं असं एक क्षणभर त्याच्या मनात आलं. "मिळत होते," तो म्हणाला.

लता आत निघून गेली.

मग भिकुबाईने सांगितलं. सांगताना ती मधूनमधून थांबत होती. मागच्या श्रावणात लताला सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं, म्हणून भिकुबाईने वनाबरोबर न्यायला या असा निरोप धाडला. अशी गोष्ट परक्या पुरुषाच्या तोंडून कशी सांगायची, म्हणून कारण सांगितलं नाही. आईला आपणच सांगेन असं लताही म्हणत होती. वना परत आला तो दिवाळीचा वायदा घेऊन. भादव्यात एका दुपारी पोट दुखायला लागलं, दिवस भरायच्या आधीच. अभिमनने बैलगाडी जुंपली. पहिल्या नाल्यालाच पाणी छातीइतकं. थांबले, उतरेना, परत फिरले. घरीच मोकळी झाली. मुलगा होता. सकाळपर्यंत होता.

"मी निरोप धाडनार व्हतू, इहीनबाई," भिकुबाई म्हणाली. "लतानी शपथ घाली दिन्ही. म्हने, ज्यासले येनं नई त्यासले सांगीसन काय करशात."

अभिमन खाली मातीकडे पाहत होता. सुनंदाबाईने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता. मग तिने तो काढला आणि रतिलालकडे वळून विचारलं, "निरोप उना व्हता?"

"हो."

"माले सांगं नई."

"आईला ताप होता तेव्हा. मला वाटलं..." त्याला काय वाटलं होतं ते त्यालाही नीट सांगता येईना.

सुनंदाबाई उठली, जीपपाशी गेली, आपली पिशवी काढली आणि घरात लेकीपाठोपाठ गेली. बऱ्याच वेळाने अभिमन आत जाऊन आला. म्हणाला, "मामा, मामी इथंच राहतील म्हणतात. लता नाही येत."

"मी थांबू का?"

अभिमनला संकोच वाटला. "वर भरून आलंय. नाले वाढायच्या आत निघा तुम्ही."

जाताना लता बाहेर आली नाही. रतिलालने बांधाजवळ गाडी थांबवली आणि अभिमनला विचारलं, कुठे ठेवलं? अभिमनने बोट दाखवलं. विहिरीपलीकडे एका बोरीखाली दगडांची लहानशी रास होती, तिच्यावर दुर्वा उगवलेल्या. रतिलाल गाडीतून उतरला, दोन पावलं गेला, आणि आपण तिकडे जावं की नाही हे न कळून तिथेच उभा राहिला. पाऊस सुरू झाला तेव्हा तो परत येऊन बसला.

त्या वर्षी कानबाई धाकट्या भावाच्या घरी बसली. प्रसादाचे रोट खाताना कुणीतरी विचारलं, वहिनी कुठे? रतिलाल म्हणाला, लेकीकडे. सुनंदाबाई दसऱ्यापर्यंत राहिली. तोवर रतिलाल मधून मधून खैरखेड्याला जायचा, केळी, तांदूळ, औषध घेऊन. गाडी प्रत्येक वेळी पोचली. लता पिशवी हातातून घ्यायची, चहा करायची, गाय व्याली का एवढं विचारायची. त्या दगडांच्या राशीविषयी त्याने एकदा बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आबा." त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला पुढे बोलता आलं नाही.

सुनंदाबाई घरी आली. तिने त्याला वाढलं, त्याचे कपडे धुतले, मळ्याचं विचारलं. मात्र मागच्या श्रावणाचं ती पुन्हा कधी बोलली नाही. कधीतरी भांडून मोकळी होईल म्हणून तो वाट पाहत राहिला. ती भांडली नाही.

पुढच्या आखाजीला लता आली. रतिलालने घ्यायला येतो म्हणून कळवलं होतं, तरी ती एसटीने आली. चार दिवस राहिली. आईबरोबर सांजोऱ्या केल्या, शेजारणींबरोबर झोक्यावर बसली, एकदा तर खळखळून हसल्याचंही त्याला ओसरीवर ऐकू आलं. निघायच्या दिवशी त्याने जीप दारात आणून उभी केली. ती म्हणाली, एसटीची वेळ झालीय, तिनेच जाते.

तिघं चालत फाट्यावर गेले. गाडी आली. लताला खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा तिने आईकडे पाहून हात हलवला. रतिलाल सुनंदाबाईच्या शेजारीच उभा होता. तो हात आपल्यासाठीही आहे असं धरून त्यानेही आपला हात वर केला.