तड्यावरची काच

इंजिनिअर बाईंनी शिडीच्या सातव्या पायरीवर उभं राहून भिंग डोळ्याला लावलं, आणि खाली उभ्या असलेल्या चर्चच्या राखणदाराने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

भिंतीला तडा गेला होता. खाली केसाएवढा, वर सज्ज्यापाशी चांगला बोटभर. सहा महिन्यांपूर्वी बाईंनी त्यावर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली होती आणि काचेवर तारीख लिहिली होती. भिंत हलली तर काच तडकणार. काच तडकली तर चर्चला कुलूप, तेही ऐन दीडशेव्या वर्षी.

खोड सगळी मनोऱ्याची. मूळ चर्च अगदी साधं होतं. मूर्ती नाही, चित्र नाही. बिनरंगी काचांच्या उंच खिडक्या, तीन बाजूंना लाकडी सज्जे आणि मधोमध उंच व्यासपीठ, म्हणजे शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा. पुढे चाळीस वर्षांनी पलीकडच्या गल्लीतल्या चर्चने मनोरा उभारला आणि इथल्या मंडळींना राहवेना. त्यांनी त्याहून हातभर उंच मनोरा बांधला, आणि बांधला कुठे, तर बुजवलेल्या तळ्यावर. तेव्हापासून तो खचतो आहे आणि शेजारच्या भिंतीला बरोबर ओढतो आहे.

पण आता तड्यावर होती ती काच बाईंनी लावलेली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी जळमटं काढताना राखणदाराची शिडी सरकून भिंतीवर आदळली, आणि पाहतो तर काच मधोमध तडकलेली. आपल्या धांदरटपणापायी चर्च बंद पडणार, या विचाराने त्याने हाय खाल्ली. तशीच काच कापून आणली, बाईंचं अक्षर वर्तमानपत्रावर वीसदा गिरवलं आणि जुनी तारीख घालून ती चिकटवून टाकली. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. फक्त एक गोष्ट त्याला आतून खात होती. शिडी आदळण्याआधी त्याने काचेकडे पाहिलंच नव्हतं.

बाई उतरल्या. काच शाबूत आहे, भिंत स्थिर आहे, आता पुन्हा यायची गरज नाही, असं सांगून त्यांनी दाखल्यावर सही केली आणि कागद पाळकसाहेबांसाठी त्याच्या हातात दिला. त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. इतके दिवस बाई येणार होत्या; यापुढे कुणीच बघणार नव्हतं.

तेवढ्यात सरावासाठी गायकमंडळी आत आली. पुढे त्याची बायको, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून. तीस वर्षं ती त्याच भिंतीखाली उभी राहून गात आली होती.

"आज सगळे पलीकडे उभे राहा," तो म्हणाला.

"का हो? तीस वर्षांत मला इथून कुणी हलवलं नाही, आणि आज तुम्ही हलवणार?" ती हसली.

"ऐक माझं. त्या भिंतीखाली नको."

बाईंच्या बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली.

"काका, भिंत चांगली आहे म्हणून आत्ताच सही केली ना मी?"

त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. शिडी, काच, गिरवलेलं अक्षर, काही राखून ठेवलं नाही. बाईंनी चार शब्द सुनावावेत असं त्याला फार वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं,

"आधी शिडी आदळली, की आधी काच तडकली?"

"तेच तर मला माहीत नाही, बाई."

कागद त्यांनी मागितला नाही. त्यानेच तो पुढे केला.

बायकोने बाकीच्यांना बाहेर अंगणात चलायला सांगितलं. सगळे गेल्यावर ती दाराशी थांबली. तो अजून शिडीपाशी, भिंतीखालीच उभा होता.

"दोन महिने मी तिथे उभी राहत होते," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आता तुम्ही तरी तिथून बाजूला व्हा."