मुळं काळी निघू देत

सून पुन्हा ओकली तेव्हा मी हातातलं काम टाकून धावले.

सकाळी मीच तिला न्येनझुआन करून घातलं होतं. गहू पिकायच्या आधी हिरव्या ओंब्या चोळायच्या, दाणे भाजायचे आणि जात्यात घालायचे, की दगडांमधून हिरव्यागार शेवया गळतात. वर लसूण, मिरची. अख्ख्या हनान प्रांतात याच दिवसांत हे करतात. रुइश्वेने दोन वाट्या हाणल्या. गेल्या वर्षी तिचं एक पोटातच गेलं, म्हणून ती या खेपेला पोटभर खातेय हे बघूनच मी सुखावले होते. आणि दुपारी तिला भोवळ आली, ओकाऱ्या सुरू झाल्या.

माझ्या म्हाताऱ्याने, बाओतियानने, बाजारगावच्या मंग डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरने विचारलं, "ओंब्या कशा दिसत होत्या?"

"कालव्याकडच्या पट्टीतल्या होत्या," मी म्हटलं. "काही पांढुरक्या होत्या. मला वाटलं, लवकर पिकल्या."

"गुलाबी बुरशी होती का? तिचं विष भाजून जात नाही, उकळून जात नाही. पोरीला माझ्याकडे आणा, आणि कुणीतरी रान बघून या. गुलाबी निघाली तर इथे थांबायचं नाही, तसंच जिल्ह्याला न्यायचं. पोटातल्या जिवाचं मी काही सांगू शकत नाही."

बाओतियान माझ्याकडे बघत राहिला. "पांढुरक्या? जन्म गेला तुझा गव्हात, म्हातारे."

"आणि तू कुठे होतास? पारावर पत्ते कुटत होतास ना?" मी उसळले. त्याने रुइश्वेला तीनचाकीत निजवलं. "आई, तुम्ही घाबरू नका," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

दाणे दळून झाले होते आणि टरफलं चुलीत गेली होती. बघायचं तर रानातच बघायला हवं होतं. मी पळत सुटले.

लहानपणी एका ओल्या वर्षी आम्ही गुलाबी गहू खाल्ला होता. अख्खी आळी दारू प्यायल्यागत भेलकांडत होती. माझी मामी तेव्हा पोटुशी होती. तिचं पुढे काय झालं ते मला आठवायचं नव्हतं, पण तेच डोळ्यांपुढे येत होतं. यंदाही ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला होता.

पिकात शिरले आणि हाताकडे बघितलं तर बोटं नारिंगी. मग चोळून बघितलं, तर नुसती पूड. तांबेरा होता. तांबेरा पानं खातो, माणसं खात नाही. तुला नंतर बघते म्हटलं आणि पुढे गेले.

कालव्याच्या बाजूला पांढऱ्या ओंब्या उभ्या होत्या. सकाळी मला त्या किती छान वाटल्या होत्या, मेल्या. गुलाबी बुरशी बहुतेकदा अर्धी ओंबी पांढरी करते, अर्धी हिरवी ठेवते, आणि फोलांच्या सांध्यात तिचा रंग दिसतो. चष्मा घरी राहिला होता. ओंबी नाकाशी धरली, उन्हात फिरवली. गुलाबी दिसेना. दुसरी घेतली. चष्म्याविना मला काय दिसतंय याचा भरवसाच वाटेना.

मग आठवलं, ओंबी दुसऱ्या रोगानेही पांढरी होते. मूळ कुजलं की. त्याने दाण्यात विष येत नाही, पण तो रोग लागला तर पट्टीच्या पट्टी वाळते, हाती काडी उरते फक्त. औषध नाही त्याला.

मी एक ताट धरून हिसका दिला. अलगद वर आलं. मूळ काळंकुट्ट होतं, जळक्या वातीसारखं.

शेजारचं उपटलं. काळं. त्याच्या पलीकडचं उपटलं. आभाळातल्या आजोबा, देवा रे, हेही काळं निघू दे, मी म्हणत होते. जिथे जिथे पांढरी ओंबी दिसली तिथे तिथे गेले, सांधे बघितले, मूळ बघितलं. बांधापासून कालव्यापर्यंत, पाणी दिलेलं, खत दिलेलं आमचं सगळं रान मी काळं निघावं म्हणून विनवत होते. आणि सगळं काळंच निघालं. मी चिखलात बसले आणि रडले.

फोन वाजला. म्हातारा होता. "काय आहे?"

"मूळकुज."

"नीट बघितलंस? एकही गुलाबी नाही?"

"एकही नाही. पांढऱ्या ओंब्या सगळ्या बघितल्या."

त्याने मंग डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मग या दिवसांतली ओकारीच असणार, त्यात सासूबाईंनी लसूण हात सैल सोडून घातलेला दिसतो. रात्रभर इथेच राहू दे, मी लक्ष ठेवतो. मी ते फोनवरून ऐकलं, आणि लसणाचा टोमणा मुकाट गिळला.

"गहू किती राहील?" बाओतियानने विचारलं.

"काही नाही राहायचा. सगळी पट्टी गेली."

हा माणूस बी पेरल्यापासून रोज रानात चक्कर मारल्याशिवाय जेवत नव्हता. मग त्याने फोनपासून तोंड वळवलं असावं, आणि पोर झाल्याचा निरोप द्यावा त्या आवाजात मला त्याचं बोलणं ऐकू आलं.

"रुइश्वे, अगं पोरी, ऐकलंस का? गहू गेला. आपला सगळा गहू गेला."