दशरथकाकांचा होकार

शांती नगरातल्या त्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर सुचेता मॅडम नव्या डॉक्टरांकडून एकच धडा घोकून घेत: सुई टोचण्याआधी पेशंटला त्याचं नाव विचारा, आपण सांगू नका. धडा फार सोपा होता, म्हणूनच निकेतनं तो मनावर घेतला नव्हता.

त्या दुपारी काशीनाथकाकांना इन्सुलिन द्यायचं होतं. निकेत सवयीनं त्यांच्या खाटेपाशी गेला आणि हसून म्हणाला, "काशीनाथकाका ना?"

"हो," खाटेवरचे काका म्हणाले.

मागून मॅडमनी त्याचा हात धरला. खाटेवर होते डोंगरीचे दशरथकाका. काटा रुतून त्यांचा पाय सुजला होता. साखरेशी संबंध फक्त चहापुरता. पंख्याखालची ही खाट काशीनाथकाकांनी त्यांना सकाळीच देऊन टाकली होती, एसटीत एखाद्याला खिडकी द्यावी तशी.

"अहो, तुम्ही दशरथ. मग हो का म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"डाक्टर यवढ्या मायेनं इचारतोय, न्हाय कसा म्हनू? पोराला वाईट वाटला असता."

मॅडमचा पारा चढला. "निकेत, हे इंजेक्शन गेलं असतं तर शुगर उतरून हे बेशुद्ध पडले असते. उद्यापासून येऊ नकोस. जाण्याआधी यांची माहिती नव्यानं घे. नीट विचारून."

पूनम सागर सोसायटीतल्या घरावर निकेतच्या आईनं 'डॉक्टर' अशी पाटीसुद्धा लावून टाकली होती. तो स्टूल ओढून बसला.

"काका, आजवर कुठलं कुठलं औषध तुम्हाला बाधलंय?"

"पेनसिलीन. आंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. मरता मरता वाचलो."

निकेतनं केसपेपर पाहिला. थोड्याच वेळात पेनिसिलिनच सुरू व्हायचं होतं, आणि ते लिहिलं होतं मॅडमनी. मॅडमचा चेहरा उतरला. त्या खरोखर घाबरल्या होत्या.

"काका, काल मी विचारलं होतं की तुम्हाला."

"तुमी म्हनाल्या, 'ॲलर्जी नाही ना?' मंग मी म्हटला, न्हाय."

मॅडमनी आपल्याच हातानं ते औषध खोडलं आणि उगाचच पेनाचं टोपण लावत राहिल्या. "निकेत, उद्या वेळेवर ये," त्या हळूच म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "जेवलात ना?"

"हो," काका म्हणाले.

निकेतनं शेजारच्या झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. मग मॅडमनीही पाहिलं. त्यांनी घसा खाकरला.

"काका, आज काय जेवलात?"

"काय बी न्हाय," काका म्हणाले. "कवापासून भूक लागलीय."