जंक्शनचे सात गडी

मारुतरावांनी क्लब सोडला तो काही रिकाम्या हातानं सोडला नाही. जर्स्या नेल्या, दोन्ही चेंडू नेले आणि जाता जाता गोलाचे सागवानी खांबसुद्धा उपटून बैलगाडीत घातले. सगळं त्यांच्याच पैशाचं होतं, त्यामुळं कुणाला तोंड उघडता आलं नाही. दौंडच्या मैदानावर चार खड्डे तेवढे राहिले आणि त्या खड्ड्यांकडं बघत अकबर पिंजारी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

भांडणाचं कारण मारुतरावांचा भाचा. मारुतराव शिरूरकडचे बडे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. सहा वर्षं दौंड जंक्शन क्लबचा खर्च त्यांनी उचलला होता. तेव्हा भाच्याला सेंटर फॉरवर्डला खेळवा, एवढं मागणं त्यांना काही फार वाटत नव्हतं. कॅप्टन अकबर. त्यानं नुसती मान डोलावली असती तर गोष्ट मिटली असती. पण तो म्हणाला, "आप्पा, पोरगं गुणाचं हाय. फकस्त चेंडूची आन् त्याची अजून वळख झाली न्हाई." सगळे हसले, मारुतराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी शिरूरला स्वतःचा नवा संघ काढला, पुण्याहून चार तयार खेळाडू आणले आणि निरोप धाडला, की दौंडचा क्लब बंद करा, ज्याला खेळायचं त्यानं माझ्याकडं या.

बंद करा म्हटल्यावर अकबरच्या अंगातच आलं. चाळिशी ओलांडलेला गडी. दिवसभर गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी दाढीतला कापूसही न झटकता मैदान गाठायचा. हा क्लब त्यानंच एका ठिगळाच्या चेंडूवर उभा केला होता. पुणे लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खितपत पडून क्लबला आठ वर्षं झाली होती, आणि एकदा, फक्त एकदा, त्याला क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये गेलेला बघायचा होता. गुडघे तर रोज कुरकुरत होते. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच साली, सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या हंगामात.

मग सगळ्यांनी मिळून दोन रविवार गुळाच्या ढेपा मालगाडीत चढवल्या आणि लीगची फी भरली. रेल्वेच्या इंजिन-शेडच्या भंगारातून बॉयलरचे जुने पाइप मागून आणले, चुना फासला, गोल तयार. जर्स्यांना कापड कुठलं आणायचं? अकबरच्या दुकानात एकच कापड होतं, गादीपाट, म्हणजे गाद्यांच्या खोळीचं. त्याच्या बायकोनं, बानूनं, नवऱ्याला, क्लबला आणि फुटबॉल काढणाऱ्या गोऱ्या साहेबालाही शिव्या मोजत त्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अकरा जर्स्या शिवल्या. पहिल्याच सामन्याला पुण्याचे लोक ओरडले, "गादीवाले आले, झोपा आता!" गादीवाल्यांनी तीन गोल घातले. पुढच्या वेळी कुणी झोपेचं नाव काढलं नाही.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. संघातले चार पक्के खेळाडू रेल्वेच्या इंजिनावर कोळसा मारणारे फायरमन. त्यांचा म्होरक्या हौशीराम, गोल घालावा तर त्यानंच. पण सामन्याच्या दिवशी हा कधी मनमाडला, तर कधी सोलापूरला. अकबरनं डोकं लढवलं. शेडमध्ये ब्रेकडाउन गँग असते. कुठं गाडी घसरली की भोंगा होतो आणि गँग क्रेन घेऊन निघते. पण गाडी रोज थोडीच घसरते? बाकीचे दिवस गँग दौंडातच. अकबर फोरमनसाहेबांच्या घरी गेला, त्यांच्या दोन गाद्या फुकट पिंजून दिल्या आणि चौघांना गँगमध्ये घालून घेतलं. इंजिनावरचा भत्ता बुडाला, तरी चौघं हूं का चूं न करता आले. सहा महिने भोंगा एकदाही झाला नाही. आपल्या अकलेचं अकबरला फार कौतुक वाटायचं आणि तो ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

असं करता करता शेवटचा सामना आला, घरच्याच मैदानावर, आणि समोर कोण, तर मारुतरावांचा शिरूर संघ. जिंकेल तो वर जाणार. बरोबरी झाली तर गुणांवर दौंड वर जाणार. सगळं दौंड मैदानाभोवती गोळा झालं होतं. मारुतराव जीप घेऊन आले, खुर्ची टाकून बसले. पहिल्या डावात हौशीरामनं गोल घातला आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

पस्तीस मिनिटांचा दुसरा डाव सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. शेडचा भोंगा झाला.

एकदा नाही, थांबून थांबून चारदा झाला. मैदानावरचे चौघं जागच्या जागी थांबले. हौशीरामच्या पायात चेंडू होता, तो त्यानं तसाच सोडला आणि अकबरकडं पाहिलं.

"भाई, पंचवीस मिनिटं ऱ्हायलीत," तो म्हणाला. "गाडीला स्टीम व्हायला तेवढा येळ लागतोच. तुम्ही म्हणाल तर थांबतो."

थांब म्हणावं, असं अकबरला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण क्रेन तयार करायला चौघं तिकडं नसले तर गाडी सुटणार कशी? "माणसं आडकली असतील तिथं," तो म्हणाला. "चेंडूसाठी थांबू नगा. जावा."

चौघं पट्ट्यांच्या जर्स्यांतच शेडकडं पळाले. स्वतःच्या अकलेला अकबरनं मनातल्या मनात अशी शिवी हासडली, की बानूलाही सुचली नसती.

रेफरी पुण्याचे, पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी माणसं मोजली. "सात आहात. बदली खेळाडू चालत नाही, पण सात चालतात. एक जरी कमी झाला तर सामना मला थांबवावा लागेल आणि तो शिरूरला जाईल."

"सात हायत न्हवं?" अकबर म्हणाला. "मग शिट्टी मारा."

सातांनी गोलापुढं गर्दी केली आणि चेंडू दिसेल तिथं लाथाडत सुटले. गोलकीपर इनुसनं तीन गोल अडवले, चौथा त्याच्या हाताखालून गेला. एक-एक झालं. आता शिरूरला एकच गोल हवा होता आणि दौंडला नुसतं टिकायचं होतं.

दहा मिनिटं उरली असताना पुण्याचा एक दणकट गडी चेंडूसकट अकबरच्या पायावर आला. कट्‌ असा आवाज झाला. तो इनुसला गोलातून ऐकू आला. अकबर आडवा झाला आणि क्षणभर त्याला आभाळाशिवाय काही दिसेना.

मारुतराव खुर्चीवरून उठून रेषेपाशी आले. आवाजात खुनशीपणा नव्हता, उलट काळजीच होती. "अकबर, घोटा गेला तुजा. बाहेर ये. उगं जल्माचा लंगडा हुशील."

"आप्पा, आत हाय तवर सात हायत," अकबर म्हणाला. "बाहेर आलो की सहा."

इनुसच्या गळ्यात हात टाकून तो एका पायावर उभा राहिला. रेफरी जवळ आले. "पळता येईल का?"

"न्हाई."

"मग खेळणार कसे?"

"उभं ऱ्हाता येतंय. रूलमधी पळायलाच पायजे असं कुठं लिवलंय का?"

रेफरींनी जरा विचार केला. "नाही लिहिलेलं," ते म्हणाले आणि मागं सरले.

इनुसनं त्याला गोलाच्या पाइपाशी नेऊन सोडलं. डावा हात पाइपावर ठेवून अकबर उभा राहिला. घामानं डोळे चुरचुरत होते, पाय मांडीपर्यंत ठणकत होता, आणि त्याला राग आला होता, सगळ्याचा, मारुतरावांचा, गुडघ्यांचा, घसरलेल्या गाडीचा. त्या रागावरच तो उभा होता. मैदानाच्या कडेनं ब्रेकडाउन गाडी निघाली. डब्याच्या दारात चौघं दाटीनं उभे राहून मैदानाकडं बघत होते. गाडी वळणाआड गेली तरी सामना चालूच होता, चौघांना निकाल न कळताच जावं लागलं.

शेवटच्या मिनिटाला शिरूरला कॉर्नर मिळाला. चेंडू इनुसच्या डोक्यावरून गेला, कुणीतरी टोलवला आणि पाइपाच्या आतल्या बाजूनं गोलात शिरायला लागला. अकबरला पाऊल टाकता येत नव्हतं. तो तसाच अंग झोकून चेंडूवर पडला. छातीला लागून चेंडू बाहेर गेला. पडल्यावर तो ओरडला, आणि ओरडत ओरडतच पाइप धरून पुन्हा उठला, कारण रेफरी त्याच्याकडंच बघत होते.

लांब शिट्टी झाली. लोक मैदानात घुसले.

"सामना संपला न्हवं?" अकबरनं विचारलं.

"संपला," रेफरी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. बसा आता."

तेव्हा कुठं तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बानू गर्दीतून वाट काढत आली, काहीतरी खरमरीत बोलायला तिनं तोंड उघडलं, त्याचा सुजलेला पाय पाहिला आणि पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली.

मारुतराव काही वेळ लांबच उभे होते. मग त्यांनीच जीप आत आणली. "दवाखान्यात नेतो. चल."

"चलतो," अकबर म्हणाला. "पर म्होरल्या शिटावर बसणार. आन् आधी शेडवरनं घ्या."

"पाय बघ की तुजा आधी!"

"चौघांना म्हाईत न्हाई अजून. ते ऱ्हात्याल तिकडं आज. गाडीसंगं फोन असतो, शेडवरनं निरोप जातो. तो धाडल्याबिगर मी दवाखान्यात जाणार न्हाई."

जीप शेडच्या दाराशी थांबली. अकबरनं उतरायला पाय उचलला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मागं बसलेली बानू बाईमाणूस, शेडमध्ये कशी जाणार? मारुतरावांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, दोघांकडं पाहिलं आणि स्वतःच उतरले.

आत फोनवरचा बाबू त्यांना ओळखत नव्हता. खिडकी उघडी होती, बोलणं जीपमध्ये ऐकू येत होतं.

"ब्रेकडाउन गँगच्या हौशीरामला निरोप द्यायचाय," मारुतराव म्हणाले.

"काय निरोप?"

मारुतरावांनी घसा खाकरला. "दौंड वर गेलं म्हणावं. तुमी चौघं धरून, अकराच्या अकरा."

"बरं. कुणी सांगितलं म्हणू?"

अकबरनं दुखणारा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि कान टवकारले.

"शिरूरच्या मारुतरावानं सांगितलं म्हणा," आतून उत्तर आलं.