वरच्या घळीतले बेडूक

त्या एप्रिलात क्रापो भर उन्हात आमच्या अंगणात येऊन बसले. एरवी हा बेडूक हाती लागायचा म्हणजे गुडघे फुटेस्तोवर डोंगर तुडवावा लागे. कोंबडीएवढं धूड, पण अशी उडी मारतं की माणूस हात चोळत बसतो. आणि आता तिघे पायरीशी तंगड्या पसरून बसले होते.

"एडोरा, जेवण दारात चालत आलं की गं," शेजारची झेनोबी कुंपणावरून म्हणाली. "कढई चढव."

मी एक उचलला. त्याने पायसुद्धा झाडला नाही. मांड्या आतून लालभडक झाल्या होत्या. मी तो परत खाली ठेवला.

"केळीवरच्या फवारणीचं विष आहे हे," माझा नवरा ओविड म्हणाला. जन्मभर क्रापो धरलेला माणूस, त्याला कोण काय सांगणार? "ओढ्यात उतरलंय. वरच्या घळीत केळी नाहीत, तिथे काही झालेलं नाही."

ही वरची घळ त्याला वडिलांनी दाखवलेली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मला तिचा रस्ता माहीत नाही.

"मग इथले जे अजून उड्या मारतात ते वर नेऊन सोड," मी म्हटलं. "निदान तेवढे जगतील."

"तुझं डोकं कधीकधी चालतं," तो म्हणाला, आणि खूश होऊन निघाला. सहा धडधाकट बेडूक त्याने ओल्या पोत्यातून नेले. परतला तो हसतच. वर इतके ओरडत होते, म्हणे, की स्वतःचा खोकला ऐकू येईना. एक मादी बिळात फेसावर बसून पिल्लांना भरवत होती.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा बघायला गेला आणि दुपारीच परत आला. कोयता बाहेर टाकला, हात धुतले, पुन्हा धुतले. मी अळकुड्या वाढल्या, त्याने ताट सरकवलं. काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

चार दिवसांनी राजधानीहून, रोझोहून, वनखात्याच्या बाई आल्या. बोलायला साध्या. "विष नाही, काका, कातडीचा रोग आहे. वरून ठणठणीत दिसणारा बेडूकही तो घेऊन फिरतो. खालचा एकही बेडूक पोचला नाही अशी एखादी जागा ठाऊक आहे तुम्हाला? तिथून दहा-बारा नेऊन जपू. पुढे त्यांचीच पिल्लं डोंगरात सोडता येतील."



"होती एक घळ," ओविड म्हणाला. "मी खालचे सहा तिथे नेऊन सोडले."

"का नेलेत?"

"मला वाटलं, जगतील."

माझं नाव त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.